आईचा गुण मुका, बापाचा बोलका

एक डोळ्याची टिपरी लावली तरी तिला मुळ्याही फुटतात आणि कोंबही येतो. बियाणे एकच, मग मुळी ती मुळीच का होते? कारण प्रत्येक पेशीत सगळी जनुके असली तरी सगळी एकाच वेळी चालू नसतात. ती चालू-बंद ठेवण्याच्या निसर्गाच्या युक्त्यांपैकी एक म्हणजे मिथाइलची खूण. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढासा हा गट डीएनएतील सायटोसीन या अक्षराला चिकटतो. अक्षर तेच राहते, वाचन बदलते. जनुकाच्या तोंडाशी अशा खुणा दाट झाल्या की ते बहुधा गप्प बसते.

डुकरांत याचा नामी दाखला आहे. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ हे जनुक पिलाला आईकडून एक व बापाकडून एक मिळते; पण स्नायूंत काम करते बापाचेच. त्यात एका अक्षराचा फरक असला की जनावराच्या अंगी ३ ते ४ टक्के जास्त मांस भरते, चरबी कमी राहते. स्वीडन व बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी ते नेमके अक्षर २००३ साली दाखवून दिले.

ही बापाची खूण पडते कोठे? वृषणात. नर पिलू गर्भात असतानाच त्याच्या बीजपेशींवरच्या आईबापांच्या जुन्या खुणा पुसल्या जातात आणि वृषण घडता घडता दोन्ही प्रतींवर बापाची खूण नव्याने बसते. गंमत अशी, की येथे खूण जनुकाला गप्प करीत नाही, बोलते करते! जनुक आणि त्याला चालना देणारा डीएनएचा भाग यांच्यामध्ये एक प्रथिन पाटात बांध घालावा तसे बसते. खूण असली की त्याला बसता येत नाही, पाणी सरळ शेतात. आईच्या प्रतीवर खूण नसते, म्हणून तिचा पाट अडतो.

आता पैदाशीचा हिशेब बघा. एखाद्या नराला हा गुण फक्त आईकडून मिळाला, तर त्या बाबतीत तो स्वतः सामान्यच दिसेल. बाजारात त्याला कोण विचारणार? पण त्याच्या सरासरी निम्म्या पिलांत तो गुण बोलेल. उलट मादी कितीही भरीव असो, तिच्याकडून आलेला गुण पिलांत मुका राहील आणि तिच्या मुलाकडून नातवंडांत पुन्हा उगवेल. बैल घेताना आपण वशिंड, खूर, चाल पाहतो, ते काही खोटे नव्हे. पण या गुणापुरता नुसते अंग पाहून वळू डुक्कर घेणारा फसायचाच. त्याला डीएनए तपासूनच घ्यावा लागतो.