कोटणीसांची गोष्ट आणि कोटणीसांचे कथानक

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, मुंबईत डॉक्टर झाले आणि १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या वैद्यकीय पथकातून तिकडे गेले. १९४१ च्या सुरुवातीला ते डॉ. बेथून यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, वर्षअखेरीस तिथल्याच गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा तीन-चार महिन्यांचा होता. भैय्या चौकातल्या स्मारकापासून जुळे सोलापूरपर्यंत आपल्या गावात हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ही झाली गोष्ट. आधी हे घडले, मग ते घडले. कथानक यात अजून आलेले नाही.

ते येते १९४६ साली, व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटात. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली गोष्ट आणि कथानक यांच्यात जो भेद केला, त्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्यांच्या मते गोष्टीत घटना एकामागून एक येतात, कथानकात त्या एकीमुळे दुसरी अशा येतात. कोटणीसांना अपस्मार होता, इतकेच वास्तव सांगते. आजार शत्रूच्या गोळीसारखा कथेत शिरत नाही, तो नुसता येतो. चित्रपटात मात्र प्लेगची साथ येते, नायक लशीचा प्रयोग स्वतःवर करून घेतो आणि पुढे त्याच आजाराची परिणती मृत्यूत होते. मरण तेच, पण आता त्याला कारण मिळाले आणि ते कारण नायकाच्या स्वभावातून निघाले. घटना संभाव्य किंवा अटळ वाटाव्यात, ही अॅरिस्टॉटलची अपेक्षा (त्याचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले आहे) अशी पुरी होते. हा खोटेपणा आहे का? चरित्र म्हणून पाहिले तर आहेच, आणि तो मान्य करायला हवा. पण कुठे, काय आणि कशासाठी बदलले, हे बोट ठेवून सांगायचे तर कार्यकारणभाव, संघर्ष, उत्कर्षबिंदू ही परीक्षेपुरती वाटणारी नावेच हाताशी लागतात.

परिभाषेने रसभंग होतो, हा आक्षेप जुना आहे. त्याच्यामागे एक समजूत असते, की रस म्हणजे पुढे काय होणार याची उत्सुकता. तसे असते तर ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक कोणी वाचलेच नसते. ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या नावातच एक जण परतला नाही हे सांगून टाकलेले आहे. चित्रपट त्याच पुस्तकावर बेतला. उत्कंठा शेवट झाकून ठेवल्यानेच निर्माण होते असे नाही. कळलेल्या शेवटापर्यंत वाट कशी पोहोचते, यावरही ती तग धरते. शिवाय त्या नावाने नायकही निवडला. पथकात पाच डॉक्टर होते. अटल, मुखर्जी, बसू यांच्याबरोबर नागपूरचे चोळकरही होते. तेही मराठी, तेही युद्धभूमीवर गेलेले. पण ते परतले, आणि कथानकाने त्यांना दुय्यम पात्रांत बसवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ही मोजपट्टी पाश्चात्त्य, आपल्या कथांना ती कशाला लावायची? पण कथावस्तूची चिरफाड भरताच्या नाट्यशास्त्राने फॉर्स्टर यांच्या कितीतरी आधी केली. बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य या अर्थप्रकृती, आणि आरंभापासून फलागमापर्यंतच्या पाच अवस्था. कथावस्तूचे आधिकारिक (मुख्य) आणि प्रासंगिक (दुय्यम) असे भागही त्यानेच पाडले. अडचण वेगळीच आहे. या आराखड्याला शेवटी फळ हवे, आणि कोटणीसांच्या आयुष्याचा शेवट बत्तिसाव्या वर्षी, परक्या मुलखात. शांताराम यांनी फळ शोधलेच. मरणासन्न नायक घराचे वर्णन करतो आणि बायको मुलाला घेऊन त्या घरी पोहोचलेली दिसते. मेलेल्या माणसाचे घरी येणे त्याच्या कुटुंबाकरवी पुरे झाले. मला हा चित्रपटातला सर्वांत कसबी भाग वाटतो. प्लेगच्या योजनेपेक्षा कितीतरी सरस, कारण इथे पुढे घडायचे ते आधीच दाखवण्याची युक्ती नायकाच्या बोलण्यातून सहज येते.

जीवनाला कथानक नसते, म्हणून आधुनिक लेखकांनी ते मोडले, असेही म्हटले जाते. ते खरे आहे. पण मोडलेले ओळखायलाही ते काय होते हे ठाऊक असावे लागते. आणि कोणतीही कथा कुठेतरी थांबतेच. चित्रपट सोलापूरच्या दारात थांबला. प्रत्यक्षात मुलगा यिनहुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ साली गेला, आणि गुओ चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. त्यांना नायिका केले तर एका वर्षाचा हा संसार भरताच्या हिशेबाने प्रकरी ठरेल, मधूनच येऊन संपणारा छोटा प्रसंग. त्यांनी स्वतः मात्र आपल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातही कोटणीसांनाच ठेवले.