ओळखीच्या शब्दांतून इंग्रजीकडे

कर्जत हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील अवर्षणप्रवण तालुका. येथील शेतकऱ्याचे मूल पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवते, तेव्हा पंप, पाईप, ट्रॅक्टर, बस, डॉक्टर असे कितीतरी इंग्रजी शब्द त्याच्या तोंडी रुळलेले असतात. ते परभाषेतील आहेत, याची मात्र त्याला जाणीव नसते. इंग्रजी शिकण्यासाठी हीच त्याची पहिली शिदोरी होय.

राज्यातील मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून शिकविले जाणारे इंग्रजी सन २००० पासून पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. तथापि, शिकण्याची वर्षे वाढली म्हणजे शब्दसंग्रह वाढतोच असे नाही. घोकलेल्या स्पेलिंगला अर्थाची जोड नसेल, तर मूल शब्द वाचते; परंतु त्याला तो समजत नाही. पुढे इंग्रजीची धास्तीच त्याच्या मनात घर करते.

यास्तव आरंभ परिचित शब्दांपासून व्हावा. प्रथम ऐकणे, मग वस्तू पाहणे वा कृती करणे, नंतर बोलणे आणि शेवटी वाचन-लेखन, असा क्रम असावा. 'ब्लॅकबोर्ड' मुलांना ठाऊक असतो. त्यातील 'ब्लॅक' म्हणजे काळा हे उमगले, की तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात दिसणाऱ्या काळविटाचे 'ब्लॅकबक' हे नाव सहज लक्षात राहते.

येथे थोडी सावधगिरीही हवी. 'लाईट गेली' असे आपण विजेविषयी म्हणतो. इंग्रजीत 'लाईट' म्हणजे प्रकाश. मराठीतील वेल मांडवावर चढते. त्याच उच्चाराचा इंग्रजी शब्द विहीर दर्शवितो. हे भेद शिक्षकांनी उलगडून सांगावेत.

शिकलेले प्रारंभी झपाट्याने विसरले जाते, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये प्रयोगांती दाखविले. म्हणून दिवसाला चार-पाचच शब्द घ्यावेत. त्यांची उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने करावी.

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची ही उजळणी मध्येच खंडित होते. त्यांच्या दप्तरात चित्रशब्दांची छोटी वही द्यावी व परतल्यावर तेथूनच पुढे शिकवावे. ग्रामपंचायतींनीही विहीर, दवाखाना, वाचनालय येथे दोन्ही भाषांतील सुवाच्य फलक लावल्यास अवघे गावच मुलांची शाळा होईल.