ज्वारीची पिशवी घरीच राहिली

आमच्या घरी दुकानाच्या किल्ल्या हाती घेण्यापूर्वी गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकण्याची रीत आजोबांपासून चालत आली आहे. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी आणि माझी कन्या पक्षी पाहण्यासाठी मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशास निघालो, तेव्हा आईने कोणालाही न विचारता माझ्या बॅगेत अर्धा किलो ज्वारी बांधून ठेवली होती. परदेशी जाताना धान्य आणि बियाणे असे सोबत नेता येत नाही, असे सांगून कन्येने ती पिशवी बाहेर काढली. आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, “मग तिथल्या पाखरांना तुम्ही घालणार तरी काय?”

माझ्या मनात त्या वेळी एकच पक्षी होता. क्वेट्झल त्याचे नाव. हिरवाकंच, छातीशी लालभडक, आणि नराची शेपटी स्वतःच्या अंगाहून लांब. कन्येच्या मनात मात्र निराळेच होते. तिने आम्हा दोघांची नावे एका वृक्षलागवडीच्या कामात स्वयंसेवक म्हणून आधीच नोंदवली होती : तीन दिवस पक्षी, सहा दिवस काम. हा हिशेब मला तेथे पोहोचल्यावर कळला.

राजधानी सान होसेपासून मॉन्टेव्हर्डे हे डोंगरावरचे गाव मोटारीने तीन-चार तासांवर आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे दमट वारे तिलारान पर्वताच्या उतारावर चढतात, थंडावतात आणि माथ्यावरच त्यांचे ढग होतात. त्यामुळे येथील अरण्य वर्षातील बराच काळ ढगातच उभे असते. श्रावणात आंबोलीच्या घाटात उभे राहिले म्हणजे जसे वाटते, तसे काहीसे. फरक इतकाच की, येथे झाडाची साल म्हणून दिसतच नाही. शेवाळ, नेचे, ऑर्किड यांनी प्रत्येक फांदी मढलेली असते आणि हे सारे धुक्यातील पाणी गाळून थेंबाथेंबाने जमिनीला देत असते. पाऊस थांबला तरी झाडांखाली पाऊस पडतच राहतो.

हे अरण्य वाचले कसे, याची हकिकत आपल्या वाचकांनी जरूर ऐकावी अशी आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात क्वेकर पंथाची काही कुटुंबे राहत होती. युद्धात भाग न घेणे हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग. सक्तीच्या सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांतील चार तरुणांनी तुरुंगवास भोगला. कोस्टारिकाने 1948 मध्ये आपले सैन्यच बरखास्त केले होते. म्हणून 1951 मध्ये ही मंडळी घरदार विकून या डोंगरावर आली. त्यांनी सुमारे 1,400 हेक्टर जमीन घेतली, गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला. (ते चीज आम्ही घेतले नाही. त्यात कोणते रेनेट वापरतात, याची खात्री करून घेता आली नाही.) परंतु जमीन वाटून घेताना माथ्यावरचे 554 हेक्टर रान त्यांनी कोणाच्याच वाट्याला दिले नाही. पक्ष्यांसाठी नव्हे, खालच्या ओढ्यांचे पाणी टिकावे म्हणून. गल्ल्यातील मूळ भांडवलाला हात न लावण्याची जी शिस्त आपण व्यापारी लोक मुलांना शिकवतो, तीच ही. पुढे 1972 मध्ये या रानाला लागूनच राखीव अरण्याची स्थापना झाली. 1987 मध्ये स्वीडनमधील एका लहानशा शाळेतील मुलांनी पैसे जमवून येथील रान विकत घेण्यास सुरुवात केली. मग देशोदेशींच्या मुलांनी त्यात भर घातली आणि आज ‘मुलांचे चिरंतन अरण्य’ या नावाने 22,000 हेक्टरांहून अधिक क्षेत्र सुरक्षित आहे.

क्वेट्झल आम्हांला दुसऱ्याच दिवशी दिसला. सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास. सोबतची मंडळी न्याहारी उरकून निघाली, आम्ही नवकारशीची वेळ होईतो उपाशीच चालत होतो. एका वाळलेल्या, कुजत आलेल्या खोडाच्या ढोलीतून हिरव्या फितीसारखे काही लोंबत होते. ती शेपटी होती. या पक्ष्यांत नरही अंडी उबवतो, आणि ढोलीत ती शेपटी मावत नाही. थोड्या वेळाने मादी आली, नर उडाला, शेजारच्या झाडावरून त्याने रानअवोकाडोचे एक फळ अधांतरीच तोडले आणि गिळले. बी तो मागाहून कोठेतरी टाकतो. दूर दरीत कोणी लोखंडावर घण घालावा तसा आवाज येत होता. तो घंटापक्षी, चोचीपाशी तीन लांब लोंबत्या मिशा असलेला. मी समाधानाने परतलो. माझ्या दृष्टीने यात्रा सफल झाली होती.

मग आमच्या मार्गदर्शकाने विचारले, “हा पक्षी पावसाळ्यात कुठे राहतो, ठाऊक आहे?”

मला वाटले होते, येथेच.  पण पक्ष्यांच्या अंगावर छोटे रेडिओ बसवून माग काढला तेव्हा कळले की, पिले मोठी झाली की क्वेट्झल राखीव अरण्य सोडून पॅसिफिककडच्या खालच्या उतारावर जातात, कारण फळे तेथे पिकलेली असतात. घंटापक्षी तर वर्षभरात निकाराग्वाच्या आग्नेय भागापासून कोस्टारिकाच्या नैर्ऋत्येपर्यंत फेरी मारून परत येतो. म्हणजे ज्या रानासाठी जगभरातून देणग्या आल्या, ते या पक्ष्यांचे वर्षातील काही महिन्यांचेच घर आहे. बाकीचे महिने ते जेथे काढतात, तेथे कॉफीचे मळे आहेत, गुरांची कुरणे आहेत आणि मधूनमधून उरलेले जुने झाड आहे. तिकडे प्रवासी फिरकत नाहीत.

माथ्यावरचे रान नुसते राखूनही भागत नाही, हे त्या गावाने एकदा पाहिले आहे. येथे सोनेरी रंगाचा एक बेडूक होता, जगात अन्यत्र कोठेही नसलेला. 1987 मध्ये तो शेकड्यांनी दिसला, 1989 मध्ये एकच दिसला आणि त्यानंतर कधीच नाही. त्याचे रान कोणी तोडले नव्हते.

तेव्हा उरलेले सहा दिवस आम्ही खालच्या उतारावर काम केले. प्रथम रोपवाटिकेत पिशव्या भरणे, मग कुरणाच्या कडेला खड्डे खणून रानअवोकाडोची आणि इतर देशी झाडांची रोपे लावणे. पहिल्याच खड्ड्याशी माझा हात थबकला. माती गांडुळांनी भरलेली होती. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या शेतकरी बांधवांना हा प्रश्न नवा नाही; अडतीच्या गादीवर बसणाऱ्या मला तो प्रथमच पडला. कन्येने फावडे बाजूला ठेवले आणि खुरपीने माती हळूहळू सैल करून जीव अलगद उचलून ठेवू लागली. आमचे खड्डे इतरांच्या निम्म्यानेच होत होते. मुकादमाने दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी आम्हांला फक्त रोपे पोहोचवण्याचे व पालापाचोळा पसरण्याचे काम दिले. तो हसला नाही, याचे मला अजून बरे वाटते.

शेतकरी आपली जमीन झाडांना का देतो, हेही तेथेच समजले. या डोंगरावर वारा असा की उघड्या कुरणात गाई दुबळ्या होतात, दूध घटते. झाडांची रांग हा आडोसा आहे. आडोशात पक्षी बसतात, बिया टाकतात आणि न लावलेली झाडेही उगवतात. धर्मादाय म्हणून कोणी काही करत नव्हते. ज्याला त्याला आपला फायदा दिसत होता, म्हणून काम टिकून होते.

सहा दिवसांत आम्ही दोघांनी मिळून 140 रोपांचे काम केले. शेवटच्या दिवशी मालक म्हणाला, लावणे सोपे आहे. पहिली काही वर्षे भोवतीचे गवत काढत राहिले नाही तर रोप दबून मरते, आणि गवत काढायला विमानाने कोणी येत नाही. रात्री मी वहीत आमच्या दोघांचे विमानभाडे लिहिले आणि खाली तेथील एका माणसाची दिवसाची मजुरी. भागाकार करून पाहिला. तो आकडा कन्येला दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पप्पा, पण न येता तुम्ही हे पैसे पाठवले असते का?” पाठवले नसते. ठिकाणाचे नावही मला ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर आईने पिशवी कपाटातून काढली, ज्वारी निवडून ठेवली होती. मी तिला रोपांचे सांगितले.

“फळे कधी लागतील?”

“बरीच वर्षे लागतील.”

“आणि तोवर ती पाखरे काय खाणार?”

जी जुनी झाडे शेतांच्या कडेला उरली आहेत त्यांचीच फळे, असे मी म्हणालो. आजोबांच्या पुण्यतिथीला दरवर्षी काढून ठेवायच्या रकमेतून त्या 140 रोपांच्या गवतकाढणीची पहिल्या वर्षाची मजुरी आम्ही पाठवली आहे. पोहोच आली, त्यात लिहिले होते की, 19 रोपे गेली, ती पावसाआधी पुन्हा लावू.