उन्हालाही व्याज लागतं

कोळशाच्या वीजकेंद्रात रोज कोळसा ओतावा लागतो, म्हणजे त्याचा मोठा खर्च वर्षानुवर्षं चालूच राहतो. सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही. पॅनल, इन्व्हर्टर, तारा, उभारणी असा जवळपास सगळा पैसा सुरुवातीलाच घालायचा आणि मग वीज विकून तो फेडत राहायचा. म्हणूनच ऊन किती कडक पडतं याच्याइतकंच कर्ज किती टक्क्यांनी मिळालं हेही सौर विजेच्या दराला महत्त्वाचं ठरतं.

हिशेब मांडून बघा. एक कोटीचं कर्ज, 15 वर्षांची फेड. व्याज 9 टक्के असेल तर महिन्याचा हप्ता साधारण 1,01,400 रुपये, 12 टक्के असेल तर 1,20,000. पूर्ण मुदतीत फरक पडतो 33 लाखांहून जास्त. पॅनल तीच, ऊनही तेच, पण हा बोजा शेवटी युनिटमागे वसूल होतो.

मध्य प्रदेशातल्या रीवाला हे नेमकं उमगलं. तिथल्या 750 मेगावॉटच्या प्रकल्पाचा लिलाव फेब्रुवारी 2017 मध्ये झाला आणि पहिल्या वर्षाचा दर निघाला युनिटला 2 रुपये 97 पैसे. वर्षभरापूर्वी राजस्थानात निघालेल्या 4 रुपये 34 पैशांचं केवढं अप्रूप होतं! मधल्या काळात पॅनल स्वस्त झाली, हे खरंच. पण रीवाच्या करारावर जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने सल्लागार म्हणून बारकाईने काम केलं होतं. खरेदीदाराने बिल थकवलं तर आधी राखीव निधी, त्याही पलीकडे राज्य सरकारची हमी. वीज घेणाऱ्यांत दिल्ली मेट्रोही होती. बिल वेळेवर मिळेल याची खात्री पटली की कर्ज देणाऱ्याची धास्ती कमी होते आणि व्याजही उतरतं. मला रीवाचं खरं यश या कलमांमध्ये दिसतं.

आपल्याकडे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, तोही केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेच्या कर्जावर. केवळ अपारंपरिक ऊर्जेला कर्ज देणारी ‘इरेडा’ 1987 पासून आहे. रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये अशा प्रकल्पांना अग्रक्रम कर्जांत बसवलं. तेव्हाची 15 कोटींची मर्यादा 2020 मध्ये 30 कोटी झाली.

दुसरी बाजूही बघायला हवी. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनसारख्या संस्था औष्णिक केंद्रांनाही कर्ज देतात आणि सौर प्रकल्पांनाही. कोळशाच्या केंद्राला एकदा दीर्घ मुदतीचं कर्ज दिलं की ते फिटेपर्यंत केंद्र चालतं राहावं, यात धनकोचाही स्वार्थ असतो. त्या केंद्राच्या धुराचे हप्ते मंजुरीच्या दिवशीच ठरून गेलेले असतात. कोणत्या बँकेचे किती पैसे कोळशात आहेत, हे ठेवीदाराला दरवर्षी कळलंच पाहिजे. हवामानाच्या जोखमीबद्दलच्या माहितीचा मसुदा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2024 मध्ये काढला, त्या दिशेचं हे योग्य पाऊल आहे.

घरांच्या छपरांचा प्रश्न वेगळा आहे. पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000. उरलेल्या रकमेसाठी सोसायटी बँकेत जाते आणि कागदपत्रांत अडकते, कारण आपल्याकडे कित्येक इमारतींचं कन्व्हेयन्स अजून झालेलं नाही, जमीन बिल्डरच्याच नावावर आहे. गहाण काय ठेवणार? इथे नागरी सहकारी बँकांनी पुढे यावं. सोसायटीचं खातं त्यांच्याकडेच असतं, मेंटेनन्स दरमहा किती जमतो, कोण थकवतो, हे त्यांना ठाऊक असतं. लिफ्टचं आणि पंपाचं बिल जेवढं कमी होईल तेवढाच हप्ता बांधून दिला, तर सभासदांची वर्गणी वाढवायची गरजच पडणार नाही.