चालणाऱ्याचा रकाना

सकाळी 6:30. राजुरा, गडचांदूर रस्ता. डिसेंबरची थंडी. तो दुपट्टा कानांवर घट्ट बांधतो. पिशवीतून पुठ्ठ्याचं पॅड निघतं, छापील कागद, सुतळीनं बांधलेले दोन बॉलपेन, पाण्याची बाटली. खुर्ची टपरीवाल्या काकांची. भाडं नाही, पण चहा तिथंच घ्यायचा. तो 24 वर्षांचा, बी.ए. झालेला. पोलीस भरतीसाठी पहाटे याच रस्त्यावर धावतो. आज धावून झाल्यावर इथंच मोजायला बसला आहे.

सकाळी 7:00. समोर मागच्या हंगामापर्यंत कपाशीचं वावर होतं. आता मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेषा, प्लॉटांच्या कोपऱ्यांवर दगड. इथं घरं उभी राहिली की रस्त्यावर किती गाड्या वाढतील, एवढं काढायचं आहे. पण घरंच नाहीत, तर मोजायचं काय? म्हणून तो शेजारच्या, केव्हाच भरलेल्या ले-आऊटच्या तोंडाशी बसतो. आत जाणारी गाडी एका कागदावर, बाहेर पडणारी दुसऱ्यावर. जोडीदार पलीकडे मुख्य रस्ता मोजतो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दर 15 मिनिटांनी नवी ओळ.

सकाळी 8:10. दूधवाला आत, दूधवाला बाहेर. गॅस सिलिंडरची गाडी. शाळेची व्हॅन रिकामी आत जाते, भरून बाहेर येते. दोन रेघा. संध्याकाळी आणखी दोन. घरात गाडी नसली तरी घरासाठी गाडी येतेच.

सकाळी 9:30. आता मान वळवायची सोय नाही. मोटारसायकली एकामागून एक निघतात. मुख्य रस्त्यावर सिमेंटचे बल्कर, कोळशाचे ट्रक, राजुरा आगाराच्या एसट्या. एक बल्कर गेला की मिनिटभर धूळ बसत नाही. तो कागदावर तळवा ठेवतो. तर्री-पोह्यांची प्लेट काकांनी आणून दिली आहे, 30 रुपयांची. ती गार होते. 10 वाजता खातो.

सकाळी 11:00. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली आजी थांबते.

“काय लिहून राहिला रे बाप्पा?”

“गाड्या मोजून राहिलो, आजी.”

“मंग मले लिहिलं का?”

तो कागद वरपासून खालपर्यंत पाहतो. सायकल आहे. हातगाडी आहे. बैलगाडी आहे. पायी चालणाऱ्याचा रकाना नाही.

“लिहितो, आजी.”

कागदाच्या कडेला तो एक उभी रेघ ओढतो. वर लिहितो, ‘पायी’. खाली पहिली रेघ आजीची.

दुपारी 1:15. डबा. पोळ्या, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. दोघांनी एकदम जेवायचं नाही. एक जेवतो, दुसरा दोन्ही पॅडं सांभाळतो.

दुपारी 2:30. इंजिनीयर साहेब फेरी मारतात. आधीची पानं तपासून सही करतात. गाड्यांची बेरीज सरळ होत नाही, ते समजावतात. प्रत्येकीचं वजन वेगळं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या, गावाबाहेरच्या रस्त्यांसाठीच्या तक्त्यात कार 1, मोटारसायकल अर्धी, बस किंवा ट्रक 3, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, बैलगाडी 8. या एककाला पीसीयू म्हणतात. सपाट प्रदेशातल्या दोन पदरी रस्त्यासाठी त्यात दिवसाला 15,000 पीसीयू धरले आहेत.

“आणि घरांचं कसं काढता, सर?”

“समज, 40 घरं आणि दिवसाच्या 240 फेऱ्या. घरामागं 6. नवे 110 प्लॉट भरले की 660.”

ते कडेचा रकाना पाहतात. काही म्हणत नाहीत. त्याच्याखालीही सही करतात.

दुपारी 3:40. डबे लटकवलेल्या मोटारसायकली निघतात. खाणीची पाळी बदलते आहे. कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली जिनिंगकडे जाते. मागून एक बैलगाडी. आज दिवसभरात ही एकच.

संध्याकाळी 5:20. क्लासला जाणाऱ्या पोरी डांबराच्या काठानं, एकीमागं एक. एसटीतून उतरलेली माणसं. पोट्ट्याला खांद्यावर घेतलेला बाप. त्याच्या मागं ट्रकचा हॉर्न. कडेच्या रकान्यात जागा संपते. तो पान उलटतो.

संध्याकाळी 6:15. दिवे लागतात. तो ले-आऊटमधून पायी फिरतो. ज्या घरात दिवा, ते भरलेलं. अंधाऱ्या घराला खूण करून एकदा शेजारी विचारतो. रिकामं घर हिशेबात धरलं तर घरामागच्या फेऱ्या कमी दिसतात. सगळं पुढचं गणित त्या एका भागाकारावर उभं आहे.

संध्याकाळी 7:00. बेरीज. 12 तासांचे 500 रुपये, तेही काम संपल्यावर एकदम. आजचे खिशातून गेलेले: पेट्रोल 50, पोहे 30, दोन चहा 20. उरले 400. बोटांना शाई, डोळ्यांत धूळ. पहाटे 5 ला पुन्हा धावायचं आहे.

पॅड बंद करण्याआधी तो कडेच्या रेघा मोजतो. सकाळी 11 पासून 212 माणसं पायी गेली-आली. तक्त्यात त्यांना वजन नाही, पण डांबराच्या काठावर रोज तीच आहेत.

नवा ले-आऊट पाडणाऱ्यांनी आणि त्याला मंजुरी देणाऱ्यांनी हा रकाना कागदावर छापूनच द्यावा. एकदा घरांची कुंपणं रस्त्याला भिडली की पायवाटेला जागा उरत नाही.