सात रात्री, तीन शहरे

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, अशोक रस्त्यावर, सेंट फिलोमिना चर्चचे दोन मनोरे १७५ फूट उंचीपर्यंत गेलेले आहेत. १९३३ साली चौथे कृष्णराज वडेयर महाराज यांच्या हस्ते या वास्तूची पायाभरणी झाली. तिची रचना करताना जर्मनीतील कोलोन शहराचे कॅथेड्रल आदर्श म्हणून समोर ठेवण्यात आले होते. १२४८ साली सुरू झालेले आणि शतकानुशतके अर्धवट राहून १८८० साली पूर्णत्वास गेलेले ते मूळ मंदिर १५७ मीटर, म्हणजे म्हैसूरच्या मनोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट उंच आहे. मोहल्ल्यात आयुष्य काढलेल्या एखाद्या निवृत्त मराठी दांपत्याला ते एकदा प्रत्यक्ष पाहावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. प्रश्न असतो तो आठवडाभराच्या सवडीचा आणि मुदत ठेवीत जपलेल्या रकमेचा.

अशा वेळी पहिली चूक नकाशावर होते. पॅरिस, रोम, व्हेनिस, झुरिक, प्राग अशी नावे कागदावर उतरतात आणि एवढा खर्च करून जायचे तर सगळेच पाहू, असा विचार बळावतो. वस्तुतः शहर बदलण्यासाठी किमान अर्धा दिवस मोजावा लागतो. सकाळी सामान आवरायचे, हॉटेल सोडायचे, स्थानक गाठायचे आणि नव्या गावी पोहोचल्यावर बहुधा दुपारी तीनपर्यंत खोली मिळण्याची वाट पाहायची. सात दिवसांत पाच शहरे घेतली तर त्यांतील दोन दिवस स्थानकांवरच जातात. म्हणून दिवसांऐवजी रात्री मोजाव्यात. पॅरिसला तीन, कोलोनला दोन आणि ॲम्स्टरडॅमला दोन, असा हिशेब साठी ओलांडलेल्यांनाही झेपतो. रोम सोडावे लागते, याची हळहळ वाटेल. पण घाईने पाहिलेले रोम फारसे लक्षातही राहत नाही.

बंगळुरूहून पॅरिसला जाणारे आणि ॲम्स्टरडॅमहून परतणारे तिकीट एकत्र काढावे, म्हणजे विमानासाठी पुन्हा पॅरिसला येण्याचा हेलपाटा वाचतो. वारही विचारपूर्वक निवडावेत. शनिवारी पॅरिसला उतरल्यास रविवारी ओर्से संग्रहालय आणि सोमवारी लूव्र पाहता येते; ओर्से सोमवारी बंद असते, तर लूव्र मंगळवारी. मंगळवारी सकाळी रेल्वेने निघावे. ब्रुसेल्स सुमारे दीड तासावर आहे. स्थानकाच्या लॉकरमध्ये सामान ठेवून तेथील भव्य जुना चौक पाहावा आणि संध्याकाळपर्यंत कोलोन गाठावे. कॅथेड्रल स्थानकाच्या दाराशीच आहे. बुधवार तेथे मोकळा मिळतो, हे विशेष सोयीचे. कारण रविवारी जर्मनीतील बहुतेक दुकाने बंद असतात आणि उपासनेच्या वेळी पर्यटकांना कॅथेड्रलमध्ये हिंडता येत नाही. गुरुवारी सुमारे तीन तासांत ॲम्स्टरडॅम, आणि शनिवारी परतीचे विमान. ॲम्स्टरडॅममधील ॲन फ्रँक यांचे घर पाहायचे असल्यास तिकीट केवळ संकेतस्थळावरच मिळते आणि ते सहा आठवडे आधी, दर मंगळवारी, विक्रीस निघते. तेथे जाऊन दारात उभे राहण्यात अर्थ नाही.

रात्रींच्या या वाटणीचा व्हिसाशी थेट संबंध आहे. शेंगेन क्षेत्रातील २९ देशांत एकच व्हिसा चालतो; परंतु अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच्याकडेच करावा लागतो, आणि मुक्काम समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. वरील आखणीत तो फ्रान्स ठरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची असली, तरी उन्हाळी सुटीच्या दिवसांत भेटीची वेळच लवकर मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला गेल्यास ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येतील अशीच आरक्षणे करावीत. स्वस्त म्हणून घेतलेले, पैसे परत न मिळणारे तिकीट सर्वांत महाग पडण्याची शक्यता असते.

अर्जासोबत खात्याचा उतारा जोडावा लागतो. अर्जाच्या आठवड्यात कोठून तरी मोठी रक्कम खात्यात आणून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. अशा आकस्मिक रकमेमुळे शंकाच निर्माण होते. नियमित जमा होणारे निवृत्तिवेतन आणि ठेवींच्या पावत्या अधिक विश्वासार्ह ठरतात. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजात घट होते. म्हणून सहलीचा विचार वर्षभर आधी झाला, तर ठेवीची मुदत त्या सुमारास संपेल अशी व्यवस्था शाखेत करून घेता येते. ते न जमल्यास थोड्या दिवसांकरिता ठेवीच्या तारणावर कर्ज घेणे अनेकदा कमी तोट्याचे असते. दोन्हींचा हिशेब शाखेत मांडून घ्यावा.

वरील चारही देशांत युरो चालतो, त्यामुळे चलन पुन्हा पुन्हा बदलावे लागत नाही. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीस आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन मिळू शकते. त्यासाठी पॅन आवश्यक आहे. नोटांच्या स्वरूपात मात्र एका प्रवासासाठी ३,००० डॉलरच्या मूल्याइतकीच रक्कम नेता येते. बहुतेक रक्कम प्रवासी कार्डात आणि थोडी रोख, हेच सोयीचे. सहल कंपनीचे संपूर्ण पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस आकारला जातो. तो खर्चात बुडाला असे समजू नये. आयकर विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो, म्हणून पावती जपून ठेवावी. परदेशी दुकानातील यंत्र ‘रुपयांत की युरोत’ असे विचारते, तेव्हा युरोच निवडावे. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यातील विनिमय दर बहुधा ग्राहकाला महागात पडतो. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेत जमा करावे. २,००० डॉलरपर्यंतचे चलन पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते.

कोलोनच्या दक्षिण मनोऱ्यावर जाण्यास ५३३ पायऱ्या असून पर्यटकांसाठी उद्वाहन नाही. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी कॅथेड्रलच्या मागून निघणाऱ्या होहेन्झोलर्न पुलावरून ऱ्हाईन नदी सावकाश ओलांडावी. पलीकडच्या तीरावरून दोन्ही मनोरे पायथ्याच्या गर्दीतून दिसतात त्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसतात, आणि त्यासाठी तिकीटही लागत नाही.