लोणारचं पाणी आणि इंग्रजीचा तास

२००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधी ती पाचवीत भेटायची. म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातलं मूल आज दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकतं. तरीही शेगाव स्टेशनवर परप्रांतातल्या भाविकानं इंग्रजीत वाट विचारली, तर त्यातली अनेक मुलं गप्प होतात. धड्याखालची प्रश्नोत्तरं त्यांना पाठ असतात. ऐकलेल्या प्रश्नाला स्वतःचं उत्तर जुळवायची वेळ वर्गात क्वचितच आलेली असते.

शिक्षक वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, उत्तरं फळ्यावरून वहीत उतरतात. बोलणं राहूनच जातं. दहावीला लेखी ८० आणि तोंडी २० गुण, तेव्हा जोर कशावर राहणार हे उघड आहे.

१९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत इंग्रजी शिकवण्याचा वेगळा प्रयोग केला. 'बंगळूर प्रकल्प' म्हणून तो जगभर अभ्यासला गेला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: नकाशावरून वाट काढा, वेळापत्रक पाहून गाडी ठरवा. उत्तर शोधण्यात मन गुंतलं की भाषा आपोआप रुजते, ही त्यांची धारणा. गटकामावर मात्र त्यांचा फारसा विश्वास नव्हता. इथे मला त्यांच्यापेक्षा वेगळं वाटतं. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायला मिळायचं, तर बाकावरचा सोबतीच कामी येतो.

आपल्याकडे असं काम बुलडाणा जिल्ह्यातल्याच लोणार सरोवरावर बेतता येईल. आधी शिक्षकांनी सरोवराचं वर्णन इंग्रजीत सावकाश वाचावं: उल्कापातानं बेसाल्ट खडकात झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यास, खारं पाणी. मुलांनी ऐकत आकृती काढावी आणि आकडे भरावेत. मग बाकावरच्या एकाला जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाल्याची बातमी द्यावी, दुसऱ्याला त्याचं कारण: खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. एकमेकांचे कागद बघायचे नाहीत, विचारूनच माहिती मिळवायची. विचार करताना मुलं वऱ्हाडीत बोलली तर खुशाल बोलू द्यावीत. प्रश्न आणि उत्तर तेवढं इंग्रजीत. वाक्य मोडकंतोडकं आलं तरी मध्येच थांबवू नये, चुका नंतर फळ्यावर घ्याव्यात.

शेवटी पर्यटकांसाठी इंग्रजीत माहितीफलक लिहायचा. याला दोन-तीन तासिका जातील, अभ्यासक्रम मागे पडल्याची कुरकुरही होईल. तयार झालेले फलक दुसऱ्या तुकडीला वाचायला द्यावेत. पाणी गुलाबी का झालं हे त्यांना त्यावरून सांगता आलं नाही, तर लिहिणाऱ्यांनी फलक पुन्हा लिहायला घ्यावा.